तुरुंगातले ‘नैसर्गिक’ मृत्यू : गृह आणि आरोग्य विभागांना खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कारागृहात आजारानं होणाऱ्या मृत्यूंची नोंद, चौकशी आणि भरपाई

महोदय,

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारागृहात मृत्यू झालेल्या कैद्यांच्या वारसांना भरपाई देण्याचं धोरण मंजूर केलं. काम करताना अपघात, कर्मचाऱ्यांची मारहाण, कैद्यांची आपसातली मारामारी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा यामुळे मृत्यू झाला तर 5 लाख रुपये, आत्महत्या केली तर 1 लाख. वार्धक्यानं किंवा दीर्घ आजारानं मृत्यू झाला तर काहीही नाही. त्या बातमीतलं ‘दीर्घ आजार’ हे शेवटचं कलम वाचून मी हे पत्र लिहायला बसले. माझा धाकटा भाऊ त्याच कलमात बसतो.

मला पैसे नकोत, हे आधीच सांगते. दीर्घ आजार दीर्घ कसा होतो, त्याला दीर्घ होऊ कोण देतं, हा प्रश्न मला तुम्हा दोघांना एकत्र विचारायचा आहे. दोघांना अशासाठी, की गेली काही वर्षं मी ज्या ज्या दारात गेले तिथून मला दुसऱ्या दाराकडे पाठवलं गेलं. कारागृहात म्हणाले, डॉक्टर आरोग्य खात्याचे. आरोग्य खात्यात म्हणाले, आतलं आमच्याकडे येत नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात क्षयरोग विभागाची प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कंत्राटी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस समोर आला की काय करायचं, हे मला झोपेतही सांगता येईल. थुंकीच्या दोन डब्या, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळची. लेबल, नोंद, नमुना मशीनला. ट्रूनॅटवर तासा-दीड तासात निकाल येतो. निकाल पॉझिटिव्ह आला तर निक्षय पोर्टलवर नाव चढतं, औषध सुरू होतं, सकस आहारासाठी महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात. घरातल्या बाकीच्यांची तपासणी होते, लागेल त्याला प्रतिबंधक औषध देतात. हे सगळं फुकट आहे आणि ते चालतं. सहा महिने नीट गोळ्या घेऊन बरी झालेली माणसं पुढे पेढे घेऊन येतात आमच्याकडे.

माझा भाऊ कच्चा कैदी होता. मारहाणीच्या एका गुन्ह्यात त्याचं नाव होतं. तो दोषी होता की नव्हता हे मी इथे सांगत नाही. ते ठरवायचं काम न्यायालयाचं होतं आणि तिथे अजून दोषारोपही निश्चित झाले नव्हते. जामीन मिळाला होता, पण न्यायालयानं सांगितलेला स्थानिक जामीनदार आम्हाला उभा करता आला नाही.

मुलाखतीच्या खिडकीत मध्ये काच असते आणि बोलायला फोन. एका मुलाखतीत तो बोलता बोलता थांबला, रिसीव्हर खांद्याशी दाबला आणि तोंड फिरवून खोकत राहिला. काचेतून आवाज येत नव्हता, पण त्याची पाठ हलताना दिसत होती. मी विचारलं, किती दिवस झाले रे? म्हणाला, “ताई, दवाखान्यातनं गोळ्या दिल्यात. बाटली पण दिली. होईल बरं.” रात्री घाम येतो का विचारलं. “बनियन भिजतो. पण इथं गर्दीच तेवढी आहे.” वजन केलं का? त्याला हसू आलं. त्याच्या मनगटाकडे बघून मला वजनकाट्याची गरज उरली नव्हती.

त्याच आठवड्यात मी अर्ज दिला : माझ्या भावाची थुंकी तपासावी. अर्जावर आवक शिक्का मिळाला. मग कळलं की नमुना आत घेता येत नाही, त्याला सरकारी रुग्णालयात न्यावं लागेल, आणि त्यासाठी कैदी पार्टी, म्हणजे सोबतीचा पोलीस पहारा, लागते. तारीख पडली की पार्टी नसायची. कधी बंदोबस्त, कधी निवडणूक, कधी कोर्टाच्या तारखांनाच पोलीस पुरायचे नाहीत. पुढची तारीख, मग तिच्या पुढची. मला थुंकीची डबी द्या, नमुना मी स्वतः नेते, असंही मी म्हणून पाहिलं. नियमात बसत नव्हतं. अखेर एका रात्री त्याला रक्ताची उलटी झाली आणि त्या रात्री मात्र पार्टी मिळाली. तीन दिवसांनी तो गेला. कागदावर लिहिलं आहे : फुप्फुसाचा क्षयरोग, मृत्यू नैसर्गिक.

महोदय, माझ्या टेबलापर्यंत पोहोचला असता तर तो बरा झाला असता. हे मी बहीण म्हणून बोलत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार ही की या मृत्यूंना नैसर्गिक म्हटलं की पुढचं सगळं थांबतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातल्या कारागृहांत 1,995 कैदी दगावले. त्यातले 1,773 मृत्यू नैसर्गिक, 159 अनैसर्गिक, उरलेल्यांचं कारण त्या वेळी ठरलं नव्हतं. म्हणजे दहांतले जवळपास नऊ मृत्यू अशा रकान्यात गेले जिथे कोणाला जाब विचारला जात नाही. अगदी हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं 1382 कारागृहांच्या प्रकरणात काढला होता. कारागृहांतल्या अमानवी परिस्थितीबद्दल माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी 2013 मध्ये लिहिलेल्या पत्रावरून सुरू झालेलं ते प्रकरण. उपचार न मिळाल्यानं किंवा वेळेवर न मिळाल्यानं कैदी दगावला तर त्याला नैसर्गिक म्हणायचं की अनैसर्गिक, असं न्यायालयानं विचारलं होतं. आपल्या नव्या धोरणात त्याचं उत्तर द्यायची संधी होती. उलट तीच जुनी विभागणी आता भरपाईची अट होऊन बसली.

धोरणात वैद्यकीय हलगर्जीपणाचा उल्लेख आहे, हे मी मान्य करते. पण हलगर्जीपणा झाला हे ठरवणार कोण? प्राथमिक चौकशी करून कागदपत्रं जोडायची ती त्याच कारागृहाच्या अधीक्षकांनी. ज्या कार्यालयानं माझा अर्ज आवक शिक्का मारून ठेवला, तेच कार्यालय त्या अर्जाबद्दल पहिला कागद लिहिणार. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी असा कायदा आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आमच्याकडे ती चौकशी झाली. तीत मारहाणीच्या खुणा होत्या का, हे पाहिलं गेलं. खुणा नव्हत्या. खोकला कधीपासून होता, थुंकी का तपासली नाही, रुग्णालयाच्या तारखा किती हुकल्या, यातलं काहीच विचारलं गेलं नाही. शवविच्छेदनाचा अहवालसुद्धा आम्हाला माहितीच्या अधिकारात मागून घ्यावा लागला.

दुसरी तक्रार आकड्यांच्या वापराबद्दल आहे, आणि इथे मला जरा थांबून बोलायचं आहे. भावाच्या मृत्यूनंतर एका अधिकाऱ्यानं मला समजावलं, की बाई, बाहेर हजारात सहा माणसं मरतात, तुरुंगात हजारात साडेतीनच मरतात. आत उलट काळजी जास्त घेतली जाते. आकडे खोटे नाहीत. 2022 च्या अखेरीस देशात 5,73,220 कैदी होते, त्यांच्यामागे 1,995 मृत्यू म्हणजे हजारी साडेतीनच्या जवळपास. पण बाहेरच्या सहामध्ये पाळण्यातलं बाळ असतं आणि नव्वदीतली आजीही असते. तुरुंगात बहुसंख्य माणसं अठरा ते पन्नास या वयातली, धडधाकट कमावती माणसं. विशी-तिशीतल्या माणसाचा मृत्युदर बाहेर हजारी एक-दोनच्या आसपास असतो. तेव्हा वय न लावता केलेली ही तुलना कोणालाही दाखवण्याच्या लायकीची नाही, मग ती सरकारच्या बाजूनं असो की विरोधात. शिवाय अगदी शेवटच्या टप्प्यात ज्याला जामीन देऊन घरी पाठवलं जातं आणि जो घरी आठवडाभरात जातो, तो तुरुंगाच्या हिशेबात येतच नाही. राज्यातल्या कारागृहांतला वयोगटानुसार मृत्युदर आणि त्याच वयाच्या बाहेरच्या माणसांचा मृत्युदर शेजारी शेजारी मांडलेला एक तक्ता आपल्या विभागानं कधी काढला आहे का? काढला असेल तर तो लोकांसमोर ठेवा.

एकेक आजार घेतला की मात्र चित्र स्पष्ट दिसतं. क्षयरोगाचंच घ्या. लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात, 2019 या एका वर्षात जगभरच्या तुरुंगांत सुमारे सव्वा लाख लोकांना नव्यानं क्षयरोग झाल्याचा अंदाज आहे. बाहेरच्या लोकसंख्येच्या जवळपास नऊ पट प्रमाण, आणि त्यातली निम्मीच प्रकरणं सापडतात. एचआयव्हीचं प्रमाण आपल्या देशात प्रौढांमध्ये 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहणीत कैद्यांमध्ये ते 2 टक्क्यांच्या आसपास आढळलं. आत्महत्या 2022 मध्ये देशात लाखामागे 12.4 होत्या. त्याच वर्षी कारागृहांत 119 कैद्यांनी आत्महत्या केल्या, म्हणजे लाखामागे वीसहून जास्त. कैदी बहुतेक पुरुष, आणि पुरुषांचं प्रमाण बाहेरही जास्त असतं, हे धरलं तरी जिथे चोवीस तास पहारा आहे तिथे हा आकडा यायला नको होता. साडेपाच लाखांहून जास्त कैद्यांसाठी देशभरात मानसोपचाराचे तज्ज्ञ अवघे 25 असल्याचं 2025 च्या इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये म्हटलं आहे.

तिसरी तक्रार डॉक्टरांची. आदर्श कारागृह नियमावलीनुसार 300 कैद्यांमागे एक डॉक्टर हवा. इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार देशात 775 कैद्यांमागे एक आहे. नवी मुंबईच्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात तीन आयुर्वेदिक डॉक्टर असल्याचं 2021 मध्ये उच्च न्यायालयासमोर आलं. आयुर्वेदाबद्दल मला आकस नाही. पण हजारो माणसांच्या तुरुंगात छातीचा एक्स-रे वाचणारं, इन्शुलिनचा डोस ठरवणारं, झटका ओळखणारं कोणीतरी हवं. भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक होऊन त्याच तळोजात ठेवलेल्या फादर स्टॅन स्वामींना कंपवातामुळे हातात पेला धरता येत नव्हता, म्हणून नळी आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी ते रुग्णालयात, कैदी असतानाच गेले. गडचिरोलीचे पांडू नरोटे ऑगस्ट 2022 मध्ये नागपूरच्या कारागृहात असताना आजारानं दगावले, वय तेहेतीस. 5 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या खटल्यातल्या, म्हणजे प्रा. साईबाबांसोबतच्या माओवादी संबंधांच्या खटल्यातल्या, सगळ्यांना निर्दोष सोडलं. ही नावं निदान वर्तमानपत्रात आली. माझ्या भावासारख्यांची फक्त कारागृहाच्या वहीत असतात.

चौथी, गर्दी. याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात सांगते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता 804 सांगितली जायची आणि आत तीन हजारांच्या वर माणसं असायची. मे 2020 मध्ये तिथे शंभराहून जास्त कैद्यांना कोरोना झाला, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. हवेतून पसरणारा दुसरा एक आजार तिथे रोजच असतो, त्याची बातमी होत नाही. भाऊ सांगायचा, बॅरेकमध्ये कुशीवरच झोपावं लागतं, उताणं झोपायला जागा नाही. त्याच्या दोन्ही बाजूला दोन माणसं होती, तोंडाशी तोंड. तो गेल्यावर त्यांची तपासणी झाली का? मी विचारलं होतं. उत्तर नाही. माझ्या तालुक्यात एखाद्या घरात पेशंट सापडला तर आशाताई दुसऱ्या दिवशी त्या घरी जाते. महाराष्ट्रात दर दहा कैद्यांतले आठ कच्चे आहेत. आज ना उद्या जामिनावर ते आपापल्या वाडी-वस्तीत, चाळीत परत येणारच आहेत. तेव्हा ते सोबत काय घेऊन येतील, हा प्रश्न आरोग्यमंत्र्यांनी तरी स्वतःचा मानावा.

पार्टीबद्दल वर लिहिलंच आहे, तरी एक गोष्ट राहिली. ऑक्टोबर 2023 मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक कैदी पुण्याच्या ससूनमधून पळाला, तेव्हा तो महिनोन्महिने तिथे भरती होता हे साऱ्या राज्याला कळलं. म्हणजे एखाद्यासाठी पोलीस महिनोन्महिने मिळू शकतात. एका थुंकीच्या तपासणीसाठी अर्धा दिवस मिळत नाहीत. असं प्रकरण झालं की भोगावं लागतं ते गरीब आजारी कैद्याला. प्रत्येक दुखण्याकडे मग नाटक म्हणून पाहिलं जातं.

कारागृहातले सगळेच बेफिकीर असतात, असं मात्र माझं म्हणणं नाही. भाऊ गेल्यानंतर एका तपासणी मोहिमेत दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात माझी ड्यूटी लागली. जावं की नाही, असं झालं होतं. गेले. हातात धरायचं एक्स-रे मशीन होतं, कैदी जोडीजोडीनं बसवलेले, वॉर्डर नावं पुकारत होते. तिथल्या तुरुंगाधिकाऱ्यांनी जेवणाची वेळ पुढे ढकलून शेवटच्या माणसापर्यंत तपासणी होऊ दिली. एक पोरगा डबीत थुंकी देताना मला म्हणाला, “मॅडम, दोन महिने झाले सांगतोय.” त्याचा निकाल पॉझिटिव्ह आला आणि औषध सुरू झालं. जागच्या जागी नमुना घेता येतो, मशीन आत नेता येतं, पार्टी लागत नाही, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. मोहीम संपली, गाडी गेली. मोहिमेत होणारं काम दर आठवड्याला का होत नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

कैद्याला बाहेरच्या माणसाइतकेच उपचार मिळाले पाहिजेत, असं संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे नेल्सन मंडेला नियम सांगतात. नॉर्वे, फ्रान्स, इंग्लंड या देशांनी तुरुंगातली आरोग्यसेवा गृह किंवा कारागृह खात्याकडून काढून आरोग्य यंत्रणेकडे दिली, फ्रान्सनं 1994 मध्ये, इंग्लंडनं 2006 पर्यंत. आपल्याकडे हे दोन मंत्र्यांनी एका टेबलावर बसून ठरवण्यासारखं आहे.

माझ्या मागण्या अशा :

कारागृहातली आरोग्यसेवा पूर्णपणे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत आणा. जिल्हा शल्यचिकित्सकांवर तिची लेखी जबाबदारी टाका आणि रिक्त पदं एमबीबीएस डॉक्टरांनी भरा.

प्रत्येक कैद्याची, आत येताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी, क्षयरोग, एचआयव्ही, मधुमेह, रक्तदाब यांची तपासणी करा. वजन करा. वजनकाट्याला पार्टी लागत नाही. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात थुंकी तपासणीचं मशीन आणि तंत्रज्ञ ठेवा, आणि बॅरेकमध्ये एक रुग्ण सापडला की शेजारच्यांची तपासणी त्याच आठवड्यात करा.

रुग्णालयाच्या तारखेला पार्टी न मिळाल्यास कारण लेखी नोंदवून त्याची प्रत कैद्याच्या वकिलाला आणि न्यायालयाला पाठवा. दोन तारखा हुकल्या तर डॉक्टर आत आणा.

आजारानं झालेल्या प्रत्येक मृत्यूची वैद्यकीय चौकशी कारागृहाबाहेरच्या डॉक्टरांच्या समितीकडून करा. पहिली तक्रार कधी, पहिली तपासणी कधी, औषध कधी, एवढं तिनं तारखांसह लिहावं. तो अहवाल आणि शवविच्छेदनाचा अहवाल घरच्यांना न मागता मिळावा.

एप्रिल 2025 च्या धोरणातून ‘दीर्घ आजार’ हे सरसकट कलम काढा. उपचारात दिरंगाई झाल्याचं समितीनं म्हटलं तर तो मृत्यू हलगर्जीपणात धरा.

आणि दर वर्षी राज्यातल्या कारागृहांतले मृत्यू वय, आजार आणि कारागृहानुसार प्रसिद्ध करा, त्याच वयाच्या बाहेरच्या लोकांच्या आकड्यांसोबत.

या पत्राखाली मी नाव लिहिलेलं नाही. माझं कंत्राट दर वर्षी नव्यानं होतं आणि घरात भावाची दोन मुलं माझ्या पगारावर आहेत. आपल्यापैकी कोणाच्याही कार्यालयानं उत्तर द्यायचं ठरवलं तर ते मलाच दिलं पाहिजे असं नाही. सगळ्यांना वाचता येईल असं, वर्तमानपत्रातून द्या.

आपली,
क्षयरोग विभागातली एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एका कच्च्या कैद्याची बहीण